निशाणी नांगर

जर्मनीत लहानमोठ्या मिळून सुमारे ११ हजार नगरपालिका व ग्रामपंचायती आहेत. त्यांतल्या पुष्कळांची वस्ती आपल्याकडच्या मध्यम खेड्याइतकीही भरणार नाही. एक चर्च, एक खानावळ, आग विझवण्याच्या बंबासाठी बांधलेली एक कोठी आणि भोवती शेते, एवढा त्यांचा संसार. परंतु यांतल्या बहुतेक प्रत्येक गावाला स्वतःची ढाल आहे. ढाल म्हणजे लढाईतली नव्हे. ढालीच्या आकारात रेखलेले गावाचे मानचिन्ह. ते कचेरीच्या दारावर असते, दाखल्यावरच्या शिक्क्यात असते, बंबावर रंगवलेले असते आणि गावात उत्सव असला की उंच काठीवरच्या लांबट निशाणावर ते फडफडत असते. निशाणाचे रंगही बहुधा त्या ढालीतूनच घेतलेले. गेली काही वर्षे मला या ढालींचा नाद लागला आहे. घरातली मंडळी हसतात. ज्याला दिवाळीचा आकाशकंदील धड चिकटवता येत नाही त्याने जर्मन खेड्यांची निशाणे न्याहाळीत बसावे याचे त्यांना नवल वाटते. परंतु या नादातूनच माझ्या मनात एक प्रश्न उपजला, आणि तो पुढे ठेवण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे. आमच्या पोखर्णीचे निशाण कोणते?

परभणीहून परळीच्या गाडीत बसले की गंगाखेडच्या अलीकडे पोखर्णी लागते. रेल्वेने स्टेशनच्या नावातच गावाला नृसिंह जोडून दिला आहे, कारण गावाची ख्याती तिथल्या नृसिंहाच्या देवळामुळे. मराठवाड्यातल्या अनेक घराण्यांचे ते कुलदैवत, आमच्याही घराण्याचे. गावाला देव आहे, स्टेशन आहे, ग्रामपंचायत आहे. निशाण मात्र नाही. हे एकट्या पोखर्णीचे उणे नव्हे. महाराष्ट्रात आज सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचा शिक्का पाहिला, तर नाव झाकल्यावर तो कोणत्या गावचा हे गावच्या सरपंचालाही सांगता येणार नाही.

आता या जर्मन ढालींत एवढे पाहण्यासारखे काय आहे ते आधी सांगतो. त्यांना एक व्याकरण आहे. रंग मोजके. सोने आणि रुपे हे दोन धातू, म्हणजे चित्रात पिवळा व पांढरा. आणि तांबडा, निळा, हिरवा, काळा हे चार रंग. जांभळा क्वचित्. धातूवर धातू ठेवायचा नाही आणि रंगावर रंग ठेवायचा नाही, हा मुख्य दंडक. युरोपात बाराव्या शतकात शिरस्त्राणाने तोंड झाकलेला सरदार रणधुमाळीत दुरून ओळखू यावा म्हणून ही चिन्हे निघाली, तेव्हा उठून दिसणे हाच त्यांचा पहिला गुण ठरला. आपल्या बायकांना हे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. काळ्या चंद्रकळेवर रुपेरी बुट्टी का खुलते आणि निळीवर हिरवी का मरते, हे आमच्या आजीला कोणत्याही जर्मन पंडिताइतके ठाऊक होते.

दुसरा नियम मला अधिक मोलाचा वाटतो. मानचिन्ह हे मुळात चित्र नसतेच. ते एक वाक्य असते. ‘हिरव्या ढालीवर रुपेरी नांगराचा फाळ’ एवढे लिहून ठराव झाला की ते त्या गावाचे चिन्ह झाले. मग फाळ किती वाकडा काढायचा, ढाल टोकदार काढायची की गोलसर, हे चित्रकाराने ठरवावे. शंभर चित्रकार शंभर तऱ्हांनी काढतील आणि शंभरही चित्रे खरीच असतील. वाचकांपैकी ज्यांना मूर्तिशास्त्राची गोडी आहे त्यांना हे ऐकून आपलेच काही आठवेल. विष्णूच्या केशवादी चोवीस मूर्ती एकमेकींपासून ओळखायच्या त्या केवळ चार हातांतल्या शंख, चक्र, गदा आणि पद्म यांच्या क्रमावरून. चेहरा, बांधा, मुकुटाची घडण ही सारी शिल्पकाराची मर्जी. आयुधांचा क्रम तेवढा ठरलेला. ज्या समाजाने चार वस्तूंच्या अदलाबदलीतून चोवीस देव वेगळे ओळखले, त्याला गावे वेगळी ओळखण्याची विद्या परकी आहे असे कोण म्हणेल?

जर्मन ढालींत मला सर्वांत आवडतात त्या नाव बोलून दाखवणाऱ्या. माइन नदीच्या काठी ओक्सेनफुर्ट नावाचे एक लहान शहर आहे. नावाचा अर्थ ‘बैलांचा उतार’, म्हणजे नदीतून बैल पार होण्याची जागा, आणि ढालीवर बैल. (इंग्लंडातल्या ऑक्सफर्डचा अर्थही हाच आणि त्याच्या ढालीवरही बैलच, विद्वानांच्या नगरीने आपल्या नावातला बैल लपवला नाही हे मला फार आवडते.) म्यूनिच हे नाव मठातल्या भिक्षूंवरून पडले, म्हणून त्या शहराच्या ढालीवर काळ्या झग्यातला भिक्षू. बर्लिनच्या ढालीवर अस्वल. भाषापंडित सांगतात की बर्लिन या नावाचा अस्वलाशी काडीमात्र संबंध नाही, ते पाणथळ जमिनीसाठीच्या जुन्या स्लाव्ह शब्दावरून आले. पण जर्मन भाषेत अस्वलाला जो शब्द आहे तो कानाला जवळचा लागला आणि शहराने अस्वल पाळले. पंडितांचे ऐकले असते तर आज ढालीवर चिखल असता.

ही विद्या तिकडे घराघरांत पोचली ती एका कॉफी कंपनीमुळे. ओटो हुप या चित्रकाराने (१८५९–१९४९) शेकडो गावांच्या ढाली काढल्या. काफे हाग या कंपनीने त्याची चित्रे लहान रंगीत चिकटचित्रांच्या रूपाने गिऱ्हाइकांना वाटली आणि ती चिकटवण्यासाठी वह्या काढल्या. मुलांनी कॉफीसाठी आईबापांच्या मागे लागावे आणि त्या नादात आपल्या प्रांतातल्या गावांची चिन्हे पाठ करावी, असा तो मामला. आपल्याकडे काड्यापेटीवरची चित्रे जमवणारी पिढी होऊन गेली. तिला त्या पेट्यांतून स्वतःच्या तालुक्याची ओळख झाली असती तर काय बहार झाली असती!

परंतु तिकडचे सगळेच वाखाणावे असे मला वाटत नाही. कित्येक गावांच्या ढाली गावाच्या नाहीतच; त्या जुन्या मालकाच्या आहेत. ज्या सरदाराकडे गाव होते त्याचा सिंह आणि ज्या बिशपाकडे होते त्याचे चाक वा चावी गावाने मुकाट्याने आपल्या ढालीवर घेतली. ज्या देशाच्या रानात सिंह नाही त्या देशाच्या ढालींवर सिंहांची ही गर्दी! शिवाय पश्चिम जर्मनीत १९६७ ते १९७८ या काळात लहान गावे एकमेकांत मिळवण्याची मोठी मोहीम झाली आणि सुमारे २४ हजार ग्रामसंस्थांच्या साडेआठ हजार उरल्या. मग मिळालेल्या चार गावांचे समाधान करण्यासाठी नव्या ढालीत चार खण पाडले, प्रत्येकात एकेकाची वस्तू बसवली, आणि ढालीचा फराळाचा डबा झाला. दुरून ओळखू यावे हा मूळ हेतूच त्यात बुडाला.

आणि एक उदाहरण तर चांगलेच बोचणारे आहे. कोबुर्ग शहराच्या ढालीवर पिढ्यान्‌पिढ्या एका काळ्या माणसाचे मस्तक होते. ते संत मॉरिसचे. तो त्या शहराचा रक्षक संत. १९३४ साली नाझी राजवटीत ते मस्तक काढून टाकण्यात आले आणि तेथे स्वस्तिकाची मूठ असलेली तलवार आणली गेली. १९४५ साली राजवट कोसळली तेव्हा मस्तक परत आले. गावाच्या ढालीवर कोण बसते आणि कोणाला उठवले जाते, हा प्रश्न चित्रकलेपुरता राहत नाही तो असा.

मराठवाड्यातल्या माणसाला हे निराळे सांगायला नको. आमच्या वाडवडिलांनी ज्या निशाणाखाली दिवस काढले त्यावर एक रोटी होती. निजामाचा झेंडा पिवळा आणि त्याच्या मध्यभागी पांढरा वाटोळा ठिपका. हा ठिपका म्हणजे कुलचा. दंतकथा अशी, की पहिला निजाम दक्षिणेत येण्यापूर्वी एका सूफी संताच्या भेटीला गेला. संताने पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे त्याला वाढले, त्याने सात खाल्ले, आणि संत म्हणाला की तुझ्या सात पिढ्या राज्य करतील. १७२४ मध्ये सुरू झालेले हे राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये सातव्या निजामाच्या कारकीर्दीत संपले. भुकेल्याला वाढलेली रोटी हे खरे म्हणजे कोणत्याही राज्याला शोभेल असे चिन्ह. निव्वळ चिन्ह म्हणून पाहिले तर जर्मन सिंहांच्या कळपापेक्षा मी त्या कुलच्याला वरचा नंबर देईन. पण चिन्ह आणि त्याखालचा कारभार यांची फारकत व्हायला वेळ लागत नाही. १५ ऑगस्ट १९४७ रोजी हैदराबादेत तिरंगा फडकावण्याच्या कार्यक्रमावरून स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. एका कापडाच्या जागी दुसरे कापड लावण्यासाठी तुरुंगात गेलेली माणसे मराठवाड्याने पाहिली आहेत. निशाण ही शोभेची बाब आहे असे आमच्यापुढे कोणी म्हणू नये.

मराठी राजघराण्यांच्या ढालींची कथा अधिक गमतीची आहे. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला मोठा दरबार भरला आणि व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले गेले. त्या वेळी संस्थानिकांना वाटण्यासाठी युरोपी धर्तीची मानचिन्हे तयार करण्यात आली. ती आखली रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालच्या एका मुलकी अधिकाऱ्याने. ती भरजरी निशाणे इतकी अवजड झाली की उचलणाऱ्यांची त्रेधा उडाली. जरीपटका आणि भगवा ज्यांनी अटकेपर्यंत नेला त्यांच्या वंशजांना आपली ढाल एका साहेबाच्या मेजावरून घ्यावी लागली, हे वाचताना मौज वाटते आणि वाईटही वाटते. तरी त्या साऱ्या थाटात एक गोष्ट अस्सल आहे. बडोद्याच्या गायकवाडांचे ब्रीद ‘जिन घर, जिन तख्त’. घोड्याचे खोगीर हेच घर आणि तेच सिंहासन. चार शब्दांत त्या घराण्याचा उगम आला. हे ब्रीद दुसऱ्या कोणाच्या ढालीखाली लिहून पाहा, ते खोटे वाटू लागेल. मुंबई महानगरपालिकेचे ब्रीद ‘यतो धर्मस्ततो जयः’ आहे, आणि भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचेही तेच. वचन थोर आहे. त्याच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण ज्या वाक्यावर न्यायासन आणि पाणीपुरवठा या दोघांचाही हक्क सारखाच, त्यातून समुद्रात भराव घालून वाढलेली मुंबई मला दिसत नाही.

राजेरजवाड्यांचे हे सारे डोक्यावरून जात होते तेव्हा खाली गावात काय होते? मला वाटते, आपल्या खऱ्या मानचिन्हांचा शोध तेथे घेतला पाहिजे.

मराठेशाहीत वतनाचा तंटा निघाला की गोतसभा बसे आणि निवाड्याचा मजहर लिहिला जाई. त्यावर जमलेल्यांनी आपापली खूण करायची. देशमुख-देशपांड्यांचे शिक्के असत. पाटील नांगर काढी. शेटे तराजू काढी. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, कुंभार, महार अशा बलुतेदारांपैकी जे हजर असतील ते आपापल्या कामाचे हत्यार वा साधन काढीत. बायकांची खूण बांगडी. ज्याला अक्षर येत नाही त्याचाही शब्द कागदावर उमटावा म्हणून ही सोय होती. पुढे राजवाड्यांसारख्या संशोधकांनी हे कागद गोळा करून छापले, तेव्हा त्या लहानशा चित्रांचे काय करायचे हा प्रश्न आला. खिळ्यांच्या पेटीत नांगर नव्हता. मग नावापुढे शब्दांत छापले गेले, ‘निशाणी नांगर’. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा जर्मन ढालींचे ते वाक्यात चिन्ह सांगण्याचे शास्त्र मला आठवल्यावाचून राहिले नाही. दोन शब्दांत पुरे झालेले मानचिन्ह! ज्याने त्याने आपल्या हाताने काढावे. नांगर तो नांगरच.

योगायोग असा, की जर्मनीतही गावांची सुरुवात नांगरापासूनच झाली आहे. व्युर्टेंबर्ग प्रांतात गावाच्या शिवेवर जे दगड पुरीत त्यांवर गावाची खूण कोरण्याची रीत होती. कोठे नांगराचा फाळ, कोठे घोड्याचा नाल, कोठे द्राक्षवेल छाटण्याचा कोयता. पुढे विसाव्या शतकात जेव्हा खेडोपाडी मानचिन्हे घेण्याची चाल पडली तेव्हा अनेक गावांनी राजाचा सिंह शोधण्याऐवजी आपल्या शिवेवरचा तो फाळ उचलला आणि ढालीवर ठेवला. दफ्तरखान्यातल्या जाणत्यांनी रंग ठरवून दिले, गावाने ठराव केला, आणि शेताच्या बांधावरची खूण कचेरीच्या दारावर आली.

मग आपला नांगर दारावर का आला नाही? याचे उत्तर मला सुखाचे वाटत नाही, तरी ते द्यायला हवे. तिकडचा दगडावरचा फाळ गावाचा होता. आपला कागदावरचा नांगर पाटलाचा होता. मजहरावर खुणा पुष्कळ, पण प्रत्येक खूण एका घराण्याची, एका वतनाची, एका जातीची. सगळ्या गावाची म्हणून एक खूण तिथे नाही. शिवेचा वाद पडला तर महाराची साक्ष मोलाची मानली जाई; शीव त्याच्याइतकी कोणाला ठाऊक? कागदावर त्याची खूण घेतली जाई. पण खूण करून तो परतायचा तो वेशीबाहेरच. आणि ज्याच्या नावापुढे नांगर काढला जाई त्याच्या हाताला नांगराचा घट्टा असेलच असेही नाही. नांगर धरणारे हात बहुधा दुसरे असत. त्या कागदांचे सौंदर्य मी नाकारीत नाही, परंतु ते पाहून केवळ गहिवरणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही.

ती वतने गेली. १९६२ च्या कायद्याने महाराष्ट्रात पाटीलकी संपली. त्याआधीच १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आला होता, आणि त्यात एक वाक्य आहे ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. प्रत्येक पंचायत ही एक कायदेशीर संस्था असेल आणि तिला अखंड परंपरा व एक सामाईक शिक्का असेल, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. कायद्याची भाषा कोरडी असते. पण या कोरड्या वाक्यात जे आले ते मजहराच्या काळात नव्हते. गावाची मिळून एक खूण! पाटलाची नव्हे, कुलकर्ण्याची नव्हे, सामाईक. तिच्यात काय काढायचे ते कायद्याने त्या वाक्यात सांगितले नाही. ती जागा गावासाठी मोकळी सोडली.

आणि आपण ती मोकळीच ठेवली. रबराचा गोल शिक्का, कडेने गाव, तालुका, जिल्हा, मध्ये रिकामे किंवा एखादी चांदणी. कोपऱ्यावरच्या दुकानात तासाभरात करून मिळतो. मोठ्या गावांनी नि शहरांनी जेथे चित्र काढवून घेतले तेथे बहुतेक वेळा काय आले? उगवता सूर्य, धान्याची ओंबी, दाते असलेले चाक, उघडे पुस्तक, धुराडे, वर एखादे संस्कृत वचन. यांतली कोणतीही वस्तू वाईट नाही. परंतु सूर्य सगळ्यांकडेच उगवतो आणि पुस्तक सगळ्यांनीच उघडायचे असते. सर्व सद्‌गुण एका वर्तुळात कोंबले की उरते ती लग्नपत्रिकेवरची नक्षी. ओक्सेनफुर्टने ढालीवर शिक्षण, आरोग्य आणि उद्योग काढले असते तर मी त्याचे नावही विसरलो असतो. बैल आहे म्हणून ते ध्यानात राहिले.

एका माणसाची खूण सगळ्यांची करता येते याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्याने घालून दिले आहे. शिवाजी महाराजांच्या अष्टकोनी मुद्रेवर प्रतिपदेच्या चंद्राची उपमा आहे. कलेकलेने वाढणारी आणि विश्वाला वंद्य अशी शहाजीपुत्र शिवाची ही मुद्रा, असा तिचा आशय. महाराष्ट्र राज्याच्या मुद्रेत तोच श्लोक घेतला आणि जेथे शहाजीच्या पुत्राचे नाव होते तेथे महाराष्ट्र राज्याचे नाव घातले. चंद्र तोच, वाढणे तेच, धनी बदलला. ज्याने कोणी हा बदल सुचवला त्याला चिन्हांची जाण होती. त्या मुद्रेचा अष्टकोन तर २ सप्टेंबर २०२२ पासून भारतीय नौदलाच्या ध्वजावरही आला. तेथे पूर्वी इंग्रजांच्या संत जॉर्जचा क्रूस होता. मग राजाची मुद्रा राज्याची होते, तर पाटलाचा नांगर गावाचा का होऊ नये?

होऊ शकतो, पण पोखर्णीसाठी मी तो सुचवणार नाही. कारण साधे आहे. नांगर पोखर्णीचा तसा सिंगणापूरचा, तसा गंगाखेडच्या वाटेवरच्या हरएक गावाचा. गावाची खूण म्हणून तो मराठवाडाभर धावेल आणि कोणाचाच राहणार नाही. पोखर्णीला तिचे स्वतःचे दोन धन आहेत. एक तिचे नाव. पुष्करिणी या शब्दाची पोखरण झाली, आणि गावाच्या नावात ती पाणी घेऊन बसली आहे. बर्लिनला कानाच्या चुकीतून अस्वल मिळाले. आपल्याला तर नावानेच सरळ तळे दिले आहे. ज्या मुलखात उन्हाळ्यात पाण्यासाठी डोळे लागतात तेथे गावाने पाणी आपल्या ढालीवर मिरवावे हे मला उचित वाटते.

दुसरे धन नृसिंह. येथे अडचण सुरू होते. प्रत्यक्ष देवाची मूर्ती पंचायतीच्या शिक्क्यात घालावी काय? शिक्का जन्माच्या दाखल्यावर उमटतो, पाणीपट्टीच्या पावतीवर उमटतो. ती पावती खिशात चुरगळते, पायाखाली जाते. भाविकाला ते रुचणार नाही. आणि गावात जो नृसिंहाला नमस्कार करीत नाही त्याचीही ती पंचायत तितकीच आहे. चित्र म्हणून मात्र नृसिंहासारखा विषय ढालीला दुसरा नाही. न्यूरेंबर्ग शहराच्या मोठ्या मानचिन्हात गरुडाच्या अंगावर माणसाचे मुकुटधारी मस्तक आहे आणि जर्मन लोक त्याचे केवढे कौतुक करतात! आमच्याकडे माणसाच्या अंगावर सिंहाचे मस्तक आहे, आणि त्याला कथा आहे; दिवस नाही रात्र नाही, घर नाही अंगण नाही, अशा उंबरठ्यावरची कथा. तिच्यापुढे तो नुसताच पंजा उगारून जीभ काढणारा युरोपी सिंह मला सर्कशीतला वाटतो.

या अडचणीतून वाट जर्मन खेड्यांनीच दाखवली आहे. त्यांनाही आपला संत ढालीवर हवा असतो आणि ढाल तर सगळ्यांची असते. मग पुष्कळ ठिकाणी संत न काढता त्याची वस्तू काढतात. पीटरची चावी, लॉरेन्सची लोखंडी जाळी, जेम्सचा शिंपला. ब्रेमेनच्या ढालीवर नुसती चावी आहे. ज्याला पीटर ठाऊक आहे त्याला पीटर दिसतो, ज्याला नाही त्याला शहराच्या दाराची चावी दिसते. दोघेही बरोबर. त्या न्यायाने नृसिंहाची वस्तू कोणती? खांब. ज्यातून तो प्रकटला तो खांब. देवळातही खांब, वाड्यातही खांब, आणि ज्याचे घर दोन खणांचे त्याच्याही आढ्याखाली खांबच. ज्याला प्रल्हाद आठवेल त्याला आठवो.

तेव्हा ग्रामसभेपुढे ठेवण्यासाठी मी एक वाक्य लिहून ठेवले. ‘काळ्या ढालीवर दुभंगलेला रुपेरी खांब, त्याच्या पायाशी रुपेरी पाणी, त्यात निळी लाट.’ काळी जमीन म्हणजे आपली कापसाची नि ज्वारीची काळी माती, तिच्यावर रुपे उठून दिसते, रुप्यावर निळे दिसते. दंडक कोठे मोडत नाही. नांगरही एका अर्थी आलाच, कारण ती काळी जमीन त्याच्यावाचून काळी दिसत नाही. रबराच्या शिक्क्यात एका शाईत उमटवले तरी खांब आणि लाट ओळखू येतील. गावातल्या पोरांना पाटीवर खडूने काढता येईल, आणि दिवाळीत कोणा सुनेला वाटले तर रांगोळीतही उतरेल. चिन्हाची ही शेवटची परीक्षा मी फार मानतो.

हे वाक्य मी गावातल्या चारसहा जणांना वाचून दाखवले. एका तरुण शिक्षकाने विचारले की वेशीबाहेर ज्यांची घरे होती त्यांच्या आजोबांना त्या देवळाच्या खांबाला हात लावू देत होते का, ते आधी सांगा. प्रश्न योग्य होता आणि ग्रामसभेत तो विचारला गेला पाहिजे. तेथे तो विचारल्याशिवाय हा ठराव होऊ नये असेच माझे मत आहे. दुसरी हरकत आमच्या नात्यातल्या एका आजीबाईंची. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “अरे, फुटका खांब कशाला काढतोस गावाच्या दारावर? घरातला खांब फुटणं बरं असतं का कधी?” मी त्यांना हिरण्यकशिपूची कथा सांगू लागलो, ती त्यांना माझ्याहून चांगली येत होती. त्या म्हणाल्या, देव बाहेर आला, झालं. आता खांब नीट बसवून टाक.

‘दुभंगलेला’ हा शब्द मी सध्या कंसात ठेवला आहे. तो काढला तर नृसिंहाचा खांब कोणाच्याही घरातला खांब होतो, आणि शिक्षकाच्या प्रश्नाला कदाचित् तोच अधिक सोयीचा ठरेल; ठेवला तर आजीबाईंचा रोष. पाण्याच्या लाटा दोन असाव्यात की तीन यावरही दोन मते पडली आहेत. काळ्या जमिनीबद्दल मात्र अजून कोणी हरकत घेतलेली नाही.